पाऊच उपडा करा, डब्या उलट्या करून वाचा

गेल्या महिन्यात भाची राहायला आली होती. पहिली नोकरी, पहिला पगार आणि सोबत विटेएवढा जड मेकअपचा पाऊच. "मावशी, यातलं काय लावू आणि काय टाकू, तूच सांग," म्हणून तिने तो माझ्या हातात दिला. मी पलंगावर जुनी चादर अंथरली आणि पाऊच सरळ उपडा केला. सत्तावीस वस्तू निघाल्या. पाच लिपस्टिक, त्यातल्या दोन अगदी एकाच रंगाच्या. झाकण हरवलेलं काजळ, अर्धी वाळलेली मस्कारा, तीन फेसवॉश, एक बिननावाची पांढरी डबी.

त्या दुपारी आम्ही ज्या क्रमाने गेलो, तोच क्रम इथे देते आहे. तुम्हीही चादर अंथरून बसा. एक नियम आधीच ठरवा: डबीची पुढची बाजू बघायचीच नाही. तिथलं "ग्लो", "नॅचरल", "डर्मा" वगैरे सगळं जाहिरात खात्याचं काम आहे. आपल्याला लागणारं सगळं मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत असतं. मोबाइलचा कॅमेरा झूम करून वाचा, चष्म्याने भागत नाही.

पायरी १: तारीख, परवाना, वास

तीन ढीग करा: ठेवायचे, टाकायचे, शंकेचे.

भारतात विकल्या जाणाऱ्या सौंदर्यप्रसाधनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादन परवाना क्रमांक, वापरण्याची शेवटची तारीख आणि घटकांची यादी असायला हवी. माल परदेशी असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक. परदेशी लिपस्टिकवर आयातदाराचा पत्ताच नसेल, तर ती कुठून आली कोण जाणे. बनावटही असू शकते. यातलं काही सापडत नसेल तर ती वस्तू टाकायच्या ढिगात.

दुसरी खूण म्हणजे उघड्या डबीचं छोटंसं चित्र आणि त्यात इंग्रजी एम अक्षराबरोबर ६ किंवा १२ असा आकडा. डबी उघडल्यापासून तितके महिने ती चालते. आता डबी कधी उघडली हे कोणाला आठवतं? म्हणून माझी पद्धत: उघडल्या दिवशी कागदी चिकटपट्टीचा तुकडा तळाला लावायचा आणि पेनने तारीख टाकायची. दहा सेकंदांचं काम.

मस्कारा आणि पातळ आयलाइनर तीन महिन्यांवर ठेवू नका. ब्रश डोळ्याला लागतो आणि परत ओल्या नळीत जातो, जंतूंना याहून चांगली जागा नाही. वाळली म्हणून त्यात पाण्याचे थेंब घालणं तर मुळीच नको. पावडरी, सुकी आयशॅडो जास्त टिकतात. लिपस्टिकचा वास घ्या. जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास आला की तिच्यातलं तेल बिघडलं.

या पायरीतच नऊ वस्तू गेल्या. बिननावाची पांढरी डबी शंकेच्या ढिगात ठेवली. तिच्याकडे परत येऊ.

पायरी २: घटकांची यादी

यादी जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते. पण एक टक्क्यापेक्षा कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. म्हणून एक युक्ती लक्षात ठेवा: यादीत फिनॉक्सीइथेनॉल हे नाव शोधा. हे टिकाऊपणासाठी घालतात आणि जास्तीत जास्त एक टक्का. त्याच्या खाली जे काही लिहिलंय ते तेवढंच किंवा त्याहून कमी. भाचीच्या एका जेलच्या पुढच्या बाजूला कोरफडीचं हिरवंगार पान होतं; मागे कोरफड सापडली ती फिनॉक्सीइथेनॉलच्याही खाली, सुगंधाच्या शेजारी. म्हणजे कोरफडीच्या कुंपणावरून वारा वाहिला असेल इतकी.

टिकवणारे घटक म्हणजे विष, असाही एक समज पसरलाय. आपल्या दमट हवेत, रोज बोट बुडवल्या जाणाऱ्या डबीत ते नसतील तर बुरशी धरेल. मला त्यांच्यापेक्षा सुगंधाची जास्त काळजी वाटते. ज्यांच्या त्वचेला पटकन खाज सुटते त्यांनी यादीतला "परफ्यूम" किंवा "फ्रॅग्रन्स" हा शब्द आधी शोधावा.

नवीन काहीही घेतलं की थेट चेहऱ्यावर नको. कोपराच्या आतल्या बाजूला रोज थोडं लावा, चार-पाच दिवस बघा. आणि एका वेळी एकच नवी वस्तू. तीन एकदम सुरू केल्या आणि पुटकुळ्या आल्या तर चोर कोण, हे कळणार नाही.

पायरी ३: ससा, हिरवा ठिपका आणि अभ्रक

भाचीला सगळ्यात जास्त रस इथे होता. "मला प्राण्यांना त्रास देऊन केलेलं काही नको," असं तिचं म्हणणं. चांगलं आहे. पण यात तीन वेगळे प्रश्न आहेत आणि जाहिरातीत ते एकत्र कालवलेले असतात.

पहिला प्रश्न चाचणीचा. भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला २०१४ पासून बंदी आहे आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अशी चाचणी केलेल्या मालाच्या आयातीवरही बंदी आली. युरोपीय संघाने विक्रीबंदीचा शेवटचा टप्पा २०१३ मध्ये पूर्ण केला होता. मग "प्राण्यांवर चाचणी नाही" असं सांगणारा डबीवरचा ससा कशासाठी? कारण मोठ्या कंपन्या अनेक देशांत विकतात. चीनमध्ये तर २०२१ पर्यंत आयात केलेल्या साध्या सौंदर्यप्रसाधनांनाही प्राण्यांवरची चाचणी सक्तीची होती. त्यानंतर काही अटींवर सूट मिळाली. "लीपिंग बनी" हे उडी मारणाऱ्या सशाचं चिन्ह घेणाऱ्या कंपनीला कच्चा माल पुरवणाऱ्यांचीही हमी द्यावी लागते. पण ससा हे चित्र कोणीही काढू शकतं. नुसता गोंडस ससा आणि खाली संस्थेचं नावच नाही, असं असेल तर त्याला सजावट समजा.

दुसरा प्रश्न, आत काय आहे. चाचणी केली नाही म्हणजे वस्तू शाकाहारी झाली असं नाही. लाल लिपस्टिकच्या यादीत सीआय ७५४७० (सीआय म्हणजे रंगद्रव्याचा ठरलेला क्रमांक) किंवा कार्माइन दिसलं तर तो रंग निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढलेला आहे. सेरा अल्बा म्हणजे मधमाशीचं मेण, लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून, शेलॅक म्हणजे आपली लाख, तीही किड्याचीच. मोत्यासारखी चमक देणारं सीआय ७५१७० माशांच्या खवल्यांतून येतं. हिरवा ठिपका या प्रश्नाचं उत्तर देतो, चाचणीच्या प्रश्नाचं नाही. मेण आणि लॅनोलिन मला स्वतःला चालतं, किड्यांचा रंग नको वाटतो. तुमची रेघ तुम्ही आखा, फक्त माहीत असून आखा.

तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही आणि मला तोच सगळ्यात जड वाटतो. हायलायटर, आयशॅडो, चमकणारी लिपस्टिक यांच्या यादीत "मायका" किंवा सीआय ७७०१९ असतं. मायका म्हणजे अभ्रक. झारखंडच्या कोडरमा आणि गिरिडीह जिल्ह्यांत आणि शेजारच्या बिहारमधल्या नवादा भागात बंद पडलेल्या खाणींच्या आसपास बायका आणि मुलं माती खणून अभ्रकाचे तुकडे वेचतात. तिथे त्याला ढिबरा म्हणतात. उकरलेली बिळं खचतात, माणसं गाडली जातात आणि खाण मुळात अधिकृत नसल्याने तक्रार कोण कोणाकडे करणार? या साखळीत सुधारणा करण्यासाठी २०१७ मध्ये "रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह" ही संस्था उभी राहिली, काही मोठ्या कंपन्या तिच्या सभासद आहेत.

सशासाठी डबीवर चित्र आहे. त्या मुलांसाठी नाही. मग काय करायचं? कंपनीच्या संकेतस्थळावर अभ्रक कुठून घेतात हे लिहिलंय का बघा. नसेल तर ग्राहक सेवेला दोन ओळींचा ईमेल टाका. यादीत "सिंथेटिक फ्लुओरफ्लोगोपाइट" असेल तर ते कारखान्यात बनवलेलं अभ्रक. सगळा अभ्रक वाईट आणि बहिष्कार टाका, असं मी म्हणणार नाही. त्या भागात दुसरं पोटापाण्याचं साधन फार कमी आहे. पण एकाच रंगाच्या दोन लिपस्टिक कशाला, हे मात्र भाचीला विचारलं. आहे ती संपवून मग दुसरी घेणं ही सगळ्यात स्वस्त नैतिकता आहे.

पायरी ४: चेहरा, सकाळ आणि रात्र

इथे लोक फार गुंतागुंत करतात. सकाळी तीन गोष्टी: धुणं, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. रात्री दोन: धुणं आणि मॉइश्चरायझर. संपलं.

त्वचा स्वभावतः थोडी आम्लधर्मी असते, पीएच (आम्लता मोजायचा आकडा, ७ च्या खाली आम्ल) साधारण ५ च्या आसपास. अंगाचा साबण ९-१० च्या घरातला. म्हणून साबणाने तोंड धुतल्यावर "करकरीत स्वच्छ" वाटतं ते प्रत्यक्षात ताणलेली, कोरडी झालेली कातडी असते. चेहऱ्याला सौम्य फेसवॉश, दिवसातून दोनदा, पुरे. अंगाच्या साबणावर टीएफएमचा, म्हणजे त्यातल्या एकूण स्निग्धांशाचा आकडा बघा: ७६ टक्के किंवा जास्त म्हणजे पहिल्या प्रतीचा टॉयलेट सोप. "बेदिंग बार" लिहिलेल्या वडीत तो बराच कमी चालतो.

मॉइश्चरायझर चेहरा ओलसर असतानाच लावा. मुंबई-कोकणच्या घामट हवेत जेलसारखा हलका पुरतो. नागपूर-संभाजीनगरच्या कोरड्या हवेत किंवा दिवसभर एसीत बसणाऱ्यांना जाड लागतो. ग्लिसरीन, सेरामाइड ही नावं यादीत वरच्या भागात दिसली की झालं, किंमत बघू नका.

सनस्क्रीनबद्दल सगळ्यात मोठी चूक ब्रँडची नसते, प्रमाणाची असते. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ. एवढं चेहरा आणि मानेला लागतं. आपण लावतो वाटाण्याएवढं आणि म्हणतो ५० एसपीएफचाही उपयोग नाही. एसपीएफ ३० नीट लावलं तर त्वचा भाजणारे सुमारे ९७ टक्के यूव्हीबी किरण अडतात, ५० ने ९८. म्हणजे ३० पुरे, पण भरपूर हवं आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. वांग असलेल्यांनी मात्र रंग असलेलं सनस्क्रीन घ्यावं. वांग साध्या दृश्य प्रकाशानेही गडद होतं आणि तो प्रकाश अडवायला आयर्न ऑक्साइड लागतं. यादीत सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ शोधा. वर पांढरट झाक येत नाही हा आणखी एक फायदा.

रात्री मेकअप काढायला महागडं काही नको. हातावर थोडं खोबरेल तेल, चेहऱ्यावर हलकं फिरवून मऊ कापडाने पुसा, मग फेसवॉश. पिंपल येणाऱ्यांनी मात्र तेलाऐवजी मायसेलर वॉटर (मेकअप काढायचं पाण्यासारखं क्लीन्झर) वापरावं, खोबरेल तेलाने त्यांची छिद्रं बुजतात.

आता स्वयंपाकघर. बेसन, दही, साय यांनी सहसा कोणाचं वाकडं झालेलं नाही. लिंबू मात्र नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की भाजल्यासारखे डाग पडतात आणि महिनोन्‌महिने राहतात. पिंपलवर टूथपेस्ट आणि चेहऱ्यावर खायचा सोडा, हेही नको. दिवाळीच्या उटण्याबद्दल एक बारीक गोष्ट: नागरमोथा, वाळा, आंबेहळद, कचोरा, संत्रासाल ठीक, पण काही उटण्यांत बावची असते. बावचीमुळे त्वचा उन्हाला जास्त हळवी होते. पहाटेच्या अंघोळीला एक दिवस चालून जातं. रोजचा फेसपॅक म्हणून मात्र बावचीचं उटणं लावू नका.

पायरी ५: ती बिननावाची डबी

पांढरी डबी पार्लरमधून आली होती. "नाइट क्रीम आहे, हर्बल. आठ दिवसांत चेहरा उजळतो," असं भाचीला सांगितलं होतं. आणि खरंच उजळला होता! तीच धोक्याची खूण.

आठ दिवसांत रंग पालटणाऱ्या क्रीममध्ये बहुतेक वेळा दोनपैकी एक असतं. एक, स्टेरॉइड. यादी असलीच तर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं शोधा. सुरुवातीला चेहरा नितळ दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ आणि नको तिथे लव येते आणि क्रीम बंद केलं की आग होते, म्हणून माणूस परत तेच लावतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी मेडिकलमध्ये मैत्रिणीने सांगितलेलं नाव घेतलं की ट्यूब मिळते.

दुसरा पारा. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे अशा क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. पारा त्वचेतून आत जातो आणि मूत्रपिंड बिघडवतो. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांना २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या एका एरवी क्वचित दिसणाऱ्या विकाराचे रुग्ण एकापाठोपाठ सापडले आणि त्यातल्या बहुतेकांमध्ये सामाईक धागा निघाला तो गोरं करणाऱ्या क्रीमचा.

डबी बंद केली, पण फेकली नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना सोबत न्यायची असते. महिनोन्‌महिने लावत असाल तर लगेच डॉक्टरांकडे जा; स्टेरॉइड असेल तर ते कसं सोडवायचं हे तेच सांगतात. पायांवर सूज किंवा लघवीला फेस असेल तर त्याच दिवशी जा.

पायरी ६: काजळ आणि टिकली

काजळ चांगल्या परवान्याचं घ्या, टोक स्वच्छ ठेवा, दुसरीला देऊ नका. सुट्टा मिळणारा सुरमा घेऊ नका. पारंपरिक सुरमा गॅलेना नावाच्या खनिजाचा, म्हणजे शिशाचा असतो. बाळाच्या डोळ्यांत तर कोणतंच काजळ नको, आजी कितीही रागावली तरी.

टिकलीचं दुखणं आपल्याच घरांत दिसतं. कपाळाच्या मधोमध टिकलीएवढाच पांढरा डाग पडतो आणि बाई तो झाकायला आणखी मोठी टिकली लावते. टिकलीच्या गोंदातल्या पॅरा-टर्शरी ब्युटाइल फिनॉल या रसायनाने त्वचेतल्या रंगपेशी मरतात. आधी खाज किंवा काळसरपणा येतो. तेव्हाच टिकली थांबवा. रात्री टिकली काढून आरशाला चिकटवणाऱ्या आमच्या आयांचं बरोबर होतं, निदान त्वचेला आठ तास सुटी मिळायची. पर्याय म्हणून मेणावर कुंकू लावता येतं, पण कुंकू हळदीचं हवं. भडक, हाताला पुसलं तरी न निघणारं कुंकू म्हणजे रासायनिक रंग.

पायरी ७: केस

रोज ५० ते १०० केस गळणं हे सामान्य आहे. आठवड्याने न्हालात की सगळे एकदम हातात येतात आणि घाबरायला होतं. बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी, किंवा डेंग्यू-टायफॉइडसारख्या तापानंतर पुंजके गळतात ते बहुधा आपोआप थांबतात. पण भांग रुंद होत चालला असेल तर तेल बदलत बसू नका. रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासा.

तेल मुळांना वाढवत नाही, केसाच्या दांडीला वाचवतं. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना जाणारी प्रथिनं कमी करतं, हे २००३ मध्ये मुंबईत झालेल्या एका अभ्यासात दिसलं. सूर्यफूल आणि खनिज तेलाला ते जमलं नाही. अभ्यास खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेतला होता हेही सांगायला हवं. तरी माझा अनुभव तसाच. न्हाण्याआधी तासभर, टोकांना जास्त, टाळूला कमी.

कोंडा असेल तर उलट. टाळूवरची मॅलासेझिया नावाची बुरशी तेलावरच जगते. "कोरडेपणाने कोंडा झाला" म्हणून चंपी करणं म्हणजे तिला जेवण वाढणं. केटोकोनॅझोल या बुरशी मारणाऱ्या औषधाचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस करून पाच मिनिटं तसाच ठेवून मग धुवा. लोक तो लगेच धुतात आणि म्हणतात गुण आला नाही.

बोअरच्या जड पाण्यात रिठा-शिकेकाईने केस राठ झाल्यासारखे वाटत असतील तर शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्या. ओले केस विंचरू नका. पंच्याने खसाखसा पुसणं सोडून जुन्या सुती टी-शर्टने टिपा.

केस रंगवणं शेवटी. खरी मेंदी केस तांबूस करते, काळे करत नाही. "काळी मेंदी" म्हणून जी पुडी मिळते तिच्यात बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं, तेच डायमध्येही. वर्षानुवर्षं लावणाऱ्यालाही त्याची ॲलर्जी अचानक होऊ शकते, आणि मग डोळे सुजून बंद होतात. म्हणून प्रत्येक वेळी कानामागे ठिपका लावून ४८ तास थांबायचं.

त्या दिवशी भाचीने हे सगळं फोनवर तिच्या आईला ऐकवलं. ताई एका लग्नासाठी केस रंगवणारच होती. म्हणाली, मी पंधरा वर्षं तीच काळ्या मेंदीची पुडी लावते, मला काही होत नाही. तरी लेकीच्या हट्टाखातर तिने कानामागे ठिपका लावला. दुसऱ्या दिवशी रात्री तिचा फोन आला.

"अगं, फारच खाजतंय."

"मग धुऊन टाक, आणि लग्नाला पांढऱ्या केसांनीच ये."

"मेंदी लावून येते," ती म्हणाली, "साधी."

साध्या मेंदीचीही पुडी उलटी करून वाचायला सांगितली तिला.